एकच झारा

भातुकलीच्या कोपऱ्यात डिसेंबरातल्या एका सकाळी जे घडलं, ते आधी सांगते.

आमच्या बालवाडीत फळांची एक लाकडी पेटी उलटी करून ठेवली आहे. ती आमची शेगडी. तिच्यावर छोटी कढई, बाजूला पोळपाट-लाटणं, चार वाट्या, डबाभर चिंचोके आणि एक झारा. झारा खेळण्यातला नाही, स्वयंपाकघरातलाच आहे, फक्त लहान. चार वर्षांची एक मुलगी, तिला इथे चिऊ म्हणते, चिंचोक्यांच्या पुऱ्या तळत होती. तिच्याच वयाचा दादू आला नि म्हणाला, "मी पण." चिऊ म्हणाली, "थांब, पाहुणे आलेत." दादू थांबला. मी मनातल्या मनात मोजत होते, पाचपर्यंत आले. मग त्याने झाऱ्याला हात घातला. ओढाओढ झाली, कढई पालथी, चिंचोके फरशीभर आणि दादूचा एक फटका चिऊच्या दंडावर.

मी दोघांच्या मध्ये जाऊन खाली बसले आणि दादूचा हात धरला. "मारायचं नाही. मी मारू देणार नाही." जरा थांबून म्हटलं, "तुला झारा हवा होता. मिळाला नाही. राग आला तुला." त्याच्या नाकपुड्या फुललेल्या होत्या, पण तो ऐकत होता. मग चिऊकडे वळले. "तुला लागलं. आणि तुझ्या पुऱ्या सांडल्या." चिऊने हुंदका मध्येच थांबवून माझी चूक दुरुस्त केली, "सांडल्या नाहीत. जळल्या."

दादूने फरशीकडे पाहिलं. "जळल्या? मग मी बंब आणतो." आणि तो खरंच गेला. दोरीउड्यांची दोरी ओढत, तोंडाने घंटा वाजवत परत आला. पुढची पंधरा मिनिटं चिऊचं घर पेटलेलं होतं आणि दोघं मिळून ते विझवत होती.

एका मुलीचे आजोबा दारात उभे राहून हे सगळं बघत होते. जाताना म्हणाले, "ताई, अजून एक झारा आणून टाका ना. पैसे मी देतो. भांडणच नको." त्यांच्या बोलण्यात कळकळ होती. उभ्याउभ्या दोन वाक्यांत मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. हाच प्रश्न आईबाबा वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कुणी विचारतं, "नुसतं खेळतातच का? शिकवता कधी?" कुणी म्हणतं, "रडू देता कशाला?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चिंचोक्याची पुरी होते तेव्हा

चिऊला पक्कं ठाऊक असतं की हा चिंचोका आहे. ती तो तोंडात घालत नाही. तरीही तो पुरी असतो, गरम असतो, त्याच्यावर फुंकर मारावी लागते. एक वस्तू दुसरीच्या जागी उभी करायची आणि दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवायच्या, ही माणसाच्या बुद्धीची फार मोठी झेप आहे. दोन वर्षांच्या आगेमागे ती दिसू लागते. पुढे पाटीवर 'क' येतो तेव्हा हेच करायचं असतं. त्या रेघांमध्ये कमळ नसतं आणि आवाजही नसतो. रेघा फक्त आवाजाच्या जागी उभ्या असतात. काठीचा घोडा आणि वाळूची खीर करून झालेल्या मुलाला ही कल्पना परकी वाटत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी लेखनाची मुळं शोधताना मुलांचे हातवारे, त्यांची चित्रं आणि असे लुटुपुटुचे खेळ यांच्याकडे बोट दाखवलं होतं, ते याच कारणाने.

त्याच पेटीभोवती बाकीचंही चालू असतं. चार पाहुणे आले तर चार वाट्या लागतात, पाचवा आला की एक कमी पडते. ही मोजणी अंक म्हणून दाखवण्याच्या किती तरी आधी मुलांच्या हातात येते. भाषेचंही तसंच. मला उत्तर देताना एका शब्दात आटोपणारी मुलगी 'आई' झाली की म्हणते, "आधी हातपाय धुऊन घ्या, मग जेवायला बसा, आणि ताटात टाकायचं नाही हं." ही लांबलचक वाक्यं तिच्याकडून पाठ करून घेतली असती तर महिना गेला असता.

पण खेळ कशाला म्हणायचं, याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. मूल स्वतःहून निवडतं, मनात आलं की सोडू शकतं आणि शेवटी काय बनेल याची त्याला फिकीर नसते, तो खेळ. "चला, खेळत-खेळत एबीसीडी म्हणू या" हा पाठच आहे, त्याला अंगडं-टोपडं घातलंय एवढंच. तसा पाठ घेणं गुन्हा नाही, पण त्याला खेळ म्हणून स्वतःची फसगत करून घेऊ नये. या दोन्हींच्या मधली एक वाट आम्हाला जास्त उपयोगी पडते. एके दिवशी भातुकलीजवळ मी काही न बोलता एक तागडी ठेवून दिली. दुपारपर्यंत वाण्याचं दुकान उघडलं होतं आणि एक चिंचोका जड की एक खडा, यावर वाद पेटला होता. काय ठेवायचं हे मी ठरवलं. त्याचं काय करायचं हे मुलांनी.

पाच सेकंद

दादू पाच सेकंद थांबला, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. जूनमध्ये तो अजिबात थांबत नसे.

आपल्या कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, त्याच्याकडे तीन अवघड कामं असतात. सांगितलेलं ध्यानात धरून ठेवायचं, पुढे जाणारा हात आवरायचा आणि नियम बदलला की आपणही बदलायचं. शास्त्रज्ञ या सगळ्याला मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. आपण घरात 'स्वतःला आवरणं' म्हणतो, तेच साधारण. हा भाग पूर्ण पिकायला पंचविशी उजाडते. पण तीन ते पाच या वर्षांत त्याची वाढ झपाट्याने होते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला "थांब म्हटलं तर कळत नाही का?" असं विचारणं म्हणजे दुधाचे दात येत असलेल्या मुलाला ऊस सोलायला सांगण्यासारखं आहे. त्याला कळत असतं. जमत नसतं.

जमायला लागतं ते सरावाने, आणि हा सराव आपल्या पणजी-आजींनी खेळांत घालून ठेवला आहे. "शिवाजी म्हणतो, उठा! शिवाजी म्हणतो, बसा!" आणि मग एकदम नुसतंच, "उठा!" जो उठला तो फसला. यात वरची तिन्ही कामं आली: नियम ध्यानात ठेवा, उठणारं अंग आवरा, पुढच्या हुकमाला पुन्हा चटकन उठा. "चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड" मध्येही तेच आहे. म्हशीला वर गेलेलं बोट मध्येच थबकतं, मूल स्वतःच खुदकन हसतं आणि बोट खाली आणतं, त्या क्षणी आवरण्याची जी मेहनत होते ती हाताची घडी घालून बसवून होत नाही. कारण हाताची घडी घालून बसताना आवरणारे आपण असतो. खेळात मूल स्वतःला आवरत असतं.

याच्यावर १९४०च्या दशकात रशियात एक सुंदर प्रयोग झाला. मनुइलेन्को नावाच्या संशोधकाने लहान मुलांना जितका वेळ जमेल तितका वेळ निश्चल उभं राहायला सांगितलं. मग त्याच वयाच्या मुलांना सांगितलं, तू पहारेकरी आहेस, पहारा करायचा आहे. पहारेकरी झालेली मुलं किती तरी जास्त वेळ उभी राहिली. पाय तेच आणि डोकंही तेच, पण पहारेकरी हलत नसतो, ही गोष्ट मुलांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती. वायगॉट्स्की म्हणत की खेळात मूल स्वतःपेक्षा जणू डोकंभर उंच होतं, ते हेच.

मराठी मुलांच्या खेळात आणखी एक गोष्ट आहे, जिचं मोल मला शिक्षिका झाल्यावर कळलं. लिंबूटिंबू. मोठ्यांच्या खेळात धाकट्या भावंडाला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते आउट होत नाही. ते पळतं, ओरडतं, चुकीच्या जागी लपतं आणि कुणी हरकत घेत नाही. एखाद्या दिवशी ते स्वतःच हट्ट धरतं, "मी लिंबूटिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या." नियम पाळायची तयारी झाली की मूल ती अशी स्वतःहून मागतं. आम्ही जूनमध्ये आलेल्या प्रत्येक मुलाला पहिले काही महिने लिंबूटिंबू धरतो, फक्त खेळातच नव्हे, रांगेत, डब्याच्या वेळी, गाण्यात, सगळीकडे.

राग येतो आणि जातो

आता भावनांकडे वळते. इथे आपल्या भाषेने आपल्याला एक देणगी दिली आहे.

मुलं म्हणतात, "मला राग आला." या वाक्यात कर्ता राग आहे, मूल नाही. भीती वाटते, रडू येतं, कंटाळा येतो, हसू फुटतं, मजा येते. मराठीत भावना पाहुण्यांसारख्या आपल्याकडे येतात. आणि 'आला' म्हटलं की 'गेला का?' असं विचारता येतं. दादूला मी पाच मिनिटांनी तेच विचारलं. "गेला का राग?" तो पाण्याची दोरी धरून म्हणाला, "थोडा उरलाय." एवढं अचूक उत्तर किती मोठी माणसं देऊ शकतील? याउलट आपण "हा रागीटच आहे", "ही रडकी आहे" म्हणतो, तेव्हा पाहुण्याला घराचा मालक करून टाकतो. मग मूलही तसंच समजून वागू लागतं.

तीन वर्षांच्या मुलाकडे भावना सगळ्या असतात, शब्द मात्र दोन-तीनच. म्हणून आम्ही शब्द देतो, घटना चालू असतानाच देतो. मनोरा पडला की "हिरमुसलास." मैत्रिणीने दुसरीचा हात धरला की "तुला हेवा वाटला." नवे काका आले नि मूल पाठीमागे लपलं की "बावरली." राग आणि रुसवा यांतला फरक तर मुलांना आपल्याआधी कळतो. राग कुणावरही येतो. रुसायला आपलं माणूस लागतं, समजूत काढायला येईल असं. नवीन आलेलं मूल पहिल्यांदा माझ्यावर रुसून कोपऱ्यात पाठ करून बसतं, तेव्हा मी वहीत त्याची नोंद करते. त्या दिवशी त्या मुलाने मला आपलं म्हटलेलं असतं.

नाव देऊन काय होतं? प्रौढांच्या मेंदूच्या चित्रणावर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की भावनेला शब्दांत नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची धावपळ कमी होते. लहान मुलांच्या बाबतीत मी माझ्या डोळ्यांनी पाहते ते असं: शब्द मिळाला की हात जरा थांबतो. शब्द चुकीचा दिला तरी मूल तो सुधारतं, चिऊने 'सांडल्या'चं 'जळल्या' केलं तसं, आणि सुधारताना ते रडण्यातून बोलण्यात येतं. एकदा मी मुलांना विचारलं होतं, राग कुठे येतो? एक म्हणाला, पोटात. एकीने कान दाखवले. एकजण दोन्ही मुठी पुढे करून म्हणाला, "इथे. उघडल्या की जातो." तेव्हापासून आमच्याकडे राग आला की मुठी उघडून बघायची पद्धत पडली आहे. ती मी शिकवलेली नाही.

भिंतीवरच्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मूल चेहऱ्यावर बोट ठेवून "सॅड" म्हणतं, आपण टाळ्या वाजवतो आणि फळांच्या तक्त्यासारखंच तेही पाठ होऊन जातं. भावना शिकायची ती ती अंगात असताना, किंवा नुकतीच गेलेली असताना.

नाव देणं म्हणजे लाड करणं, असाही गैरसमज असतो. दादूचा हात मी आधी धरला आणि रागाचं नाव नंतर घेतलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. राग चालतो, फटका चालत नाही, हे त्याला एकाच वेळी, एकाच माणसाकडून, चढ्या आवाजाशिवाय कळायला हवं.

घरोघरी काय होतं तेही सांगते, कारण मीही त्यातच वाढले. मूल पडतं. आपण धावतो आणि फरशीला चापट मारतो, "हात् रे फरशी! माझ्या बाळाला लागलं!" किंवा म्हणतो, "बघ बघ, मुंगी मेली!" वर्षाच्या बाळाचं लक्ष वळवायला मुंगी ठीक आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला गुडघा दुखत असताना मुंगीकडे बघायला लावलं तर त्याच्या दुखण्याचं काय झालं? आणि फरशीला मारून आपण शिकवतो ते हे, की आपल्याला लागलं की कुणाला तरी मारायचं. दुसऱ्या दिवशी दादू चिऊला मारतो तेव्हा मात्र आपल्याला नवल वाटतं. "लागलं ना, दुखतंय. दाखव कुठे," एवढं पुरतं. बागुलबुवा, झोळीवाला, पोलीसकाका, सुईवाले डॉक्टर यांची भीती घालून जेवण उरकतं खरं, पण भीती वाटली की ज्यांच्याकडे धावायचं त्यांनीच भीती घातली, हे मुलाच्या मनात राहतं. आणि "मुलगे रडतात का?" हा प्रश्न तर आपण कायमचा टाकून द्यायला हवा. रडू येणं थांबत नाही, सांगणं तेवढं थांबतं.

लाडवाचा डबा आणि 'सॉरी'

आजोबांनी जाताजाता असंही म्हटलं होतं, "त्याला सॉरी तरी म्हणायला लावा." मी लावलं नाही. कारण सांगते.

कल्पना करा, बाळूने लाडू डब्यात ठेवला आणि तो खेळायला गेला. आईने लाडू डब्यातून काढून फडताळात ठेवला. बाळू परत आला, तर लाडू कुठे शोधेल? आपण म्हणू, डब्यात. तीन वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, फडताळात. कारण लाडू फडताळात आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं, आणि आपल्याला माहीत आहे ते बाळूला माहीत नसेल, ही गोष्टच अजून त्यांच्या मनात शिरलेली नसते. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर या दोन संशोधकांनी १९८३ साली अशाच धाटणीची गोष्ट मुलांना सांगून हे दाखवलं. तिथे लाडवाच्या जागी चॉकलेट होतं. चार-पाचच्या सुमाराला हे कोडं मुलांना सुटू लागतं. दुसऱ्याला त्याचं वेगळं मन आहे, हे तेव्हा उमजू लागतं.

ते उमजण्याआधी म्हणवून घेतलेलं 'सॉरी' हे सुटकेचं तिकीट असतं. मुलं ते पटकन म्हणतात आणि पुन्हा मारतात. त्यापेक्षा आम्ही मारणाऱ्याला मार खाल्लेल्याजवळ नेतो आणि बघायला लावतो. "चिऊचा दंड बघ. लाल झालाय. तिला काय हवंय, विचार." कुणी ओला रुमाल आणून देतं, कुणी नुसतंच शेजारी बसतं. दादूने बंब आणला.

आणि इथेच भातुकलीचं मोल पुन्हा कळतं. आज चिऊ आई, उद्या बाळ, परवा भाजीवाली. घटकाभर दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलायचं, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरायचीच तालीम. गेल्या वर्षी एक मुलगा दवाखान्यात चार दिवस राहून आला. आल्यावर दोन आठवडे तो रोज बाहुलीला सलाइन लावत होता. सुतळीचा तुकडा, वर टांगलेली पाण्याची बाटली, सगळं हुबेहूब. पहिले काही दिवस बाहुली किंचाळायची आणि डॉक्टर ओरडायचा, "हलायचं नाही!" मग एकदा डॉक्टर म्हणाला, "थोडं दुखेल. मी हात धरतो." आणखी काही दिवसांनी बाहुली बरी होऊन घरी गेली आणि खेळ आपोआप संपला. दवाखान्यात सुई त्याला टोचली होती. इथे सुई त्याच्या हातात होती. मी यात एकदाच तोंड घातलं, बाहुलीसाठी पांघरूण हवं का असं विचारायला.

जूनमधलं रडणं

पहिल्या आठवड्यात फाटकाशी जे रडणं होतं त्याने आईबापांच्या काळजाला घरं पडतात, आणि म्हणून पुष्कळजण मुलाचं लक्ष नसताना हळूच निघून जातात. ते कृपा करून करू नका. मूल वळून बघतं तर आई नाही. मग दुसऱ्या दिवशी ते क्षणभरही नजर हलवत नाही आणि खेळायला लागतच नाही. सांगून जा, एकदाच, लांबण न लावता. "मी जाते. डबा खाऊन झाल्यावर येते." मुलाला घड्याळ कळत नाही, डबा कळतो. आणि सांगितलं त्या वेळेला या.

काही मुलं घरून गोधडीचा कोपरा आणतात, कुणी आईची ओढणी. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी अशा वस्तूंचं फार बारकाईने वर्णन केलं आहे. आई आणि बाहेरचं जग यांच्या मध्ये मुलाने स्वतः बांधलेला तो पूल असतो. आपल्याकडे गोधडी आई-आजीच्या जुन्या लुगड्यांचीच असते, तिला त्यांचा वास असतो. ती धुऊन स्वच्छ करून पाठवायची घाई करू नका.

हे खूळ आलं कुठून

खेळातून शिक्षण म्हणजे शहरातल्या महागड्या शाळांचं नवं खूळ, असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं ते १९२० साली. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला, समुद्रकाठच्या त्या गावात, ग्राम बाल शिक्षा केंद्र घेऊन गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचं मूळ हे आहे. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. १९५७ साली काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींच्या पद्धतीचा ताराबाईंवर मोठा प्रभाव होता, पण तिची साधनं महाग. मग शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. दुसरा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. लहान मुलांना परीकथा आणि लुटुपुटुचे खेळ यांच्याऐवजी खऱ्या वस्तू आणि खरी कामं द्यावीत, असं मॉन्टेसरींचं मत होतं. गिजुभाईंच्या बालमंदिरात मात्र गोष्टी, गाणी आणि नाटक यांना मानाची जागा मिळाली. माझी पेटीची शेगडी त्या परंपरेतली आहे, आणि झारा खरा असावा हा आग्रह मात्र मी मॉन्टेसरींकडून घेतला आहे.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षं एकच पायाभूत टप्पा मानली, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यात खेळ मध्यभागी आहे. कागदावर सगळं आहे. एका ताईमागे पंचवीस-तीस मुलं, त्यात पोषण आहाराची नोंद आणि मोबाइलवर भरायची माहिती, अशा अवस्थेत भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये जाऊन खाली बसायला तिला पाच मिनिटं कुठून मिळणार, हा प्रश्न मात्र कागदाने सुटलेला नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. रडणारं, मारणारं, रुसणारं मूल बहुधा ठीक असतं. जे मूल महिनोन्महिने कशानेच खेळत नाही, हाक मारली तरी वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, किंवा आधी बोलायचं आणि आता बोलत नाही, त्याला "होईल हळूहळू" म्हणून ठेवू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, त्या दिवशी डॉक्टरांच्या पथकाला स्वतःहून हे सांगा.

आता आजोबांचा झारा. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं, आणि ते मी त्यांना नंतर सांगितलंही. आमच्या छोट्या गटात, जिथे मुलं नुकती तिनाची झाली आहेत, तिथे चार झारे आहेत, चारही अगदी एकसारखे. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन यांनी बालवाडीतल्या मुलांच्या खेळाची निरीक्षणं १९३२ साली मांडली, तेव्हापासून हे सर्वांना माहीत आहे की लहान मुलं पुष्कळदा एकत्र खेळत नाहीत, शेजारी-शेजारी खेळतात. प्रत्येकाची कढई वेगळी, पुरी वेगळी, मधूनमधून दुसऱ्याकडे एक नजर. या वयात एकच झारा ठेवला तर नुसती रडारड होते, त्यातून कुणाच्या हाती काही लागत नाही. मोठ्या गटात दिवाळीपर्यंत दोन असतात. सुट्टीनंतर त्यातला एक मी उचलून कपाटात ठेवते, आणि त्यानंतरचे काही दिवस त्या कोपऱ्यापासून लांब जात नाही.

फेब्रुवारीत चिऊ आणि दादूचं ठरलं, पाच पुऱ्या तू, पाच पुऱ्या मी. दादूची मोजणी तीनवर पोचली की पुन्हा दोनवर यायची, त्यामुळे त्याची पाळी काही संपेना. चिऊ उठली नाही, ओरडली नाही. त्याच्या मांडीला मांडी लावून बसली आणि त्याने प्रत्येक चिंचोका उलटला की मोठ्याने म्हणू लागली, "तीन. चार. चारच्या पुढे पाच असतं, दादू. आता दे."

त्याने दिला.